शिवेवरचा दहीभात

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "तिकडे अडकलीस म्हणे, फार हाल झाले असतील ना?" सुरुवातीला मी हाल आठवून आठवून सांगत होते, कारण इतक्या आस्थेने विचारणाऱ्याला निराश करणं मला जमत नाही. पण खरं सांगू का, त्या दिवसांत माझं वजन वाढलं. नेलेले ब्लाउज परत येताना घट्ट होत होते. हे कसं झालं ते एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे दर वेळी नव्याने सांगायला नको. गडाचं वर्णन यात थोडं कमी पडेल, तेवढं सांभाळून घ्या.

मी लातूरची. बँकेत खुर्चीवर बसून नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर मनाने घेतलं की एकदा राजगड चढायचाच. आमच्या ह्यांना चढ दिसला की कंबर आठवते, म्हणून एकटीच निघाले. मार्च अर्धा सरत आला होता. तो नवा विषाणू पेपरातून निघून पुण्यापर्यंत येऊन पोचला होता, पण एसटी चालू होती, आणि आपल्या वाटेला काही तो येत नाही असं इतर सगळ्यांसारखं मलाही वाटत होतं. "जाऊ नकोस," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून हे मला असंच म्हणत आले आहेत, त्यामुळे मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

भोर

भोरला सुलभाकडे उतरले. सुलभा माझी बँकेतली जुनी मैत्रीण, नवऱ्याच्या नोकरीमुळे भोरला गेली आणि तिथलीच झाली. इतक्या वर्षांनी भेटतोय म्हणून मी दारातच हात पसरले, तर ही दोन पावलं मागे सरली आणि हातातली बाटली माझ्या तळहातांवर फुसफुसवली. मग हसली. मग म्हणाली, "आता ये." तिच्या पदराला पिनेने एक पुरचुंडी लावलेली होती. आत कापूर आणि वेलदोडा. तासाभरात माझ्याही पदराला लागली. उपयोग किती झाला देव जाणे, पण त्या दोन दिवसांत सगळं भोर देवघरासारखं घमघमत होतं.

बाजारात गेलो तर एक कोंबडीवाला जिवंत कोंबड्या घेऊन केविलवाणा उभा. कोंबडीने हा रोग होतो अशी आवई उठली होती. "ताई, एक न्या, दुसरी तशीच देतो," तो म्हणाला. कोणी थांबेना. सुलभाच्या शेजारीणबाई तर फोन हातभर लांब धरून बोलायच्या, कारण त्या दिवसांत फोन लावला की समोरचा उचलायच्या आधी सूचनेतलं कोणीतरी खोकायचं. "त्या खोकण्यावर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. आम्ही हसून हसून लोटपोट झालो. हसणं तेव्हा सोपं होतं.

संध्याकाळी सुलभाने भाटघरचं पाणी दाखवायला नेलं. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं आणि ते आलं की आम्ही वाट्यासुद्धा भरून ठेवतो. इथे ते मार्चमध्येही डोंगरांच्या पायाशी पसरलेलं होतं आणि कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं. मी मात्र काठावर बराच वेळ बसले.

गडाखाली

राजगडाखाली पालीच्या अंगाला एक वाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथे हिराबाई आणि दगडूभाऊ हे जोडपं गडावर जाणाऱ्यांना जेवू घालतं आणि राहायला पडवी देतं. मुख्य पोटापाण्याचं साधन म्हणजे दोन म्हशी आणि एक गाय. हिराबाई चाळिशीची, सडपातळ, बोलायला लागली की हातातलं काम दुप्पट वेगाने करणारी. पहिल्याच रात्री तिने तांदळाची भाकरी, पिठलं आणि वाफाळता इंद्रायणी भात वाढला. आम्ही ज्वारीची माणसं, तांदळाची भाकरी आमच्या लेखी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी तीन खाल्ल्या.

गड मी चढले. पाली दरवाज्याकडच्या उंच पायऱ्यांवर चारदा बसले, लहान पोरं "आजी, पाणी देऊ का?" विचारत पुढे गेली, पण चढले. पद्मावती माचीवर एका बाईकडून ताक घेतलं आणि तोरण्याकडे तोंड करून प्यायले. इतकं बरं वाटलं की मी ह्यांना फोन लावला. आधी तो खोकला ऐकू आला, मग हे आले आणि म्हणाले, "खाली ये लवकर." आलेही लवकरच. उतरताना मुरमावरून पाय सरकला आणि गुडघा असा मुरगळला की दगडूभाऊंच्या खांद्यावर हात टाकून वाडीत पोचले.

हिराबाईने निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधला आणि जाहीर केलं, "आता आठ दिस हलायचं न्हाई." मी दोन दिवसांनी निघायचं म्हणत होते. मग रविवार आला आणि सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या. दगडूभाऊंनी दुधाच्या किटलीचं झाकण इतकं बडवलं की ते परत बसेना. दुसऱ्याच दिवशी एसटी बंद, गाड्या बंद, सगळंच बंद झालं.

वाडीच्या तोंडाशी पोरांनी बाभळीचे फाटे आणून टाकले आणि एक मोडका टेम्पो आडवा लावला. बाहेरचं कोणी आत नको. आणि आत बाहेरची मी एकटीच होते.

खरी पंचाईत दुधाची झाली. सकाळी दगडूभाऊ डेअरीवर किटली घेऊन गेले आणि भरलेली किटली घेऊन परत आले. "पुन्यावरनं आलेली बाई हाय तुमच्या घरात. दूध नगं म्हनत्यात." मी पुण्याची नाही, लातूरची, असं मी म्हणून पाहिलं, पण ज्या एसटीने आले ती पुण्यावरूनच आली होती आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. हिराबाई मला एक शब्द बोलली नाही. चुलीवर पातेली चढवत राहिली. दूध आटवलं, तूप कढवलं, विरजण लावलं, तरी दूध उरायचं. म्हशीला काय, काही कळत नव्हतं, ती भरभरून देत होती. घरचा आधार तेवढाच होता आणि तो माझ्यामुळे गोठ्यातच अडला होता.

संध्याकाळी पोलीस पाटील आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. भला माणूस, फार अवघडलेला. "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. लोकं घाबरल्याती."

"मी दुसरीकडे राहते," मी म्हणाले. "मग यांचं दूध घेतील?"

"दोन आठवडे शिवंबाहेर राह्यला, खोकला-ताप न्हाई आला, की घेत्याल. त्याची जबाबदारी माझी."

हिराबाई आतून कडाडली, "माझ्या घरातनं पाव्हनं काडत्यात व्हय?" पण मी पिशवी भरायला घेतली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला. कशाला आले मी इथे, असं त्या एका संध्याकाळी मला मनापासून वाटलं.

शिवेबाहेर

वाडीची शीव ओलांडली की ओढ्यापलीकडे हिराबाईचं एक वावर आहे. त्यात राखणीची खोप. दगडूभाऊंनी ती शेणाने सारवली, बाज आणली, आणि स्वतः जरा लांब आंब्याखाली पथारी टाकली, सोबतीला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. शिवेच्या या बाजूने मी गावातल्या गुढ्या पाहिल्या. एवढा सण, पण ना कोणाचं येणं-जाणं, ना गलका. आमच्या लातुरात माझी गुढी ह्यांनी उभारली होती, तांब्या तिरका बसवून, त्याचा फोटो आला.

शिवेवर जांभळाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे आणि त्याच्या पुढ्यात एक सपाट कातळ. हिराबाई त्या कातळावर माझी भाकरी फडक्यात बांधून ठेवायची, हाक मारायची आणि मागे सरायची. मग मी जाऊन उचलायची. आम्ही दोघी त्या दगडाच्या दोन बाजूंना बसून मोठमोठ्याने गप्पा मारायचो.

खोपीतून खालचा रस्ता दिसायचा. त्या रस्त्याने माणसं चालत जायची. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. पुण्याकडची कामं बंद पडली म्हणून घाट उतरून कोकणात आपापल्या गावी निघालेली. वाडीपाशी येऊन पाणी मागायची. पोरं पाणी द्यायची, पण फाट्यांच्या पलीकडे हंडा ठेवून, आणि "फुडं जावा, फुडं" म्हणायची. खायला मागायचा धीर कोणाला होत नसावा. मला तरी कोणी मागताना दिसलं नाही.

मग तो मंगळवार आला. सकाळची भाकरी आलीच नाही. गाय व्यायला झाली होती आणि हिराबाई गोठ्यात अडकली होती, हे मला नंतर कळलं. ऊन वर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले. चष्मा खोपीत ठेवून मी लंगडत कातळापाशी गेले, तर पळसाच्या पानावर दहीभात मांडलेला. वर लिंबाची फोड. वर काहीतरी तांबडं भुरभुरलेलं. मला वाटलं, इकडे दहीभातावर तिखट घालत असतील. आमच्याकडे देवीला दहीभात दाखवतात तो देवळात, पितळी ताटलीत. असा उघड्यावर, झाडाखाली ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. लिंबू पिळलं, कालवलं आणि खायला बसले. भात गार, दही गोड. तिखटाला मात्र अजिबात तिखटपणा नव्हता. एवढंच जरा नवल वाटलं. सगळा संपवला, पान दुमडलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला आणि तृप्त होऊन हात धुतले.

तेवढ्यात हिराबाई भाकरी घेऊन धावत आली. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग दगडाकडे, आणि किंचाळली, "अवो ताई! थुका! थुका आधी!"

ते तिखट नव्हतं, कुंकू होतं. आणि तो भात माझा नव्हता, मरीआईचा होता.

तो ठेवला होता सोनाबाई आजींनी. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. थोड्या वेळाने त्या स्वतः काठी टेकत शिवेवर आल्या, त्यांच्यामागे पोलीस पाटील आणि निम्मी वाडी, सगळे पदर आणि टॉवेल तोंडाला लावून. मी मान खाली घालून उभी. वाटलं, आता इथूनही हाकलतील, आणि हिराबाईचं दूध कायमचं बंद.

"भात तू खाल्लास?" आजींनी विचारलं.

"हो आजी. चुकलं माझं. चष्मा नव्हता, आणि भूक लागली होती."

"लिंबू दिसलं न्हाई? कुकू दिसलं न्हाई?"

"दिसलं. पण भुकेपुढे ते देवाचं असेल असं डोक्यात आलं नाही."

मग गावाकडे वळून आजींनी समजावून सांगितलं, आणि त्यात मलाही कळलं. साथ आली की आई तापते. तिला गार करायला दहीभात शिवेवर ठेवायचा, म्हणजे ती खाते आणि शिवेबाहेर जाते, गावाची पीडा घेऊन. ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. आणि त्या पानाला माणसानं हात लावायचा नाही, कारण जो तो घास खाईल त्याच्या अंगावर गावाची पीडा जाईल.

"आता हिनं खाल्लाय," आजी म्हणाल्या. "आपल्या समद्यांची पीडा हिच्या पोटात हाय. आता बोला, कुनाला भ्यायचं कुनी?"

पोलीस पाटलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मागून एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "म्हंजी बाईंना काय झालं तर आपल्यालाच दोष व्हय?"

"मग कुनाला!" आजी म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. ज्या वाडीला मी आत नको होते, तिला आता मी ठणठणीत हवी होते. सकाळी शिवेपलीकडून पहिली हाक यायची, "बाई, बऱ्या हाय का?" मी "बरी आहे" म्हटलं की ते उत्तर घराघरांत पोचायचं. कोणी उकडलेली अंडी ठेवून जायचं, कोणी काढा, कोणी नाचणीची आंबील. हिराबाईच्या गायीचा खरवस तर मी वाटीने नव्हे, पातेल्याने खाल्ला. ज्या कोंबडीला भोरात कोणी विचारत नव्हतं ती इथे रस्सा होऊन माझ्याकडे आली. "ताकद पायजे तुमाला," पोलीस पाटील लांबून म्हणाले. इतक्या लोकांनी माझ्या तब्येतीची चौकशी माझ्या बाळंतपणातही केली नव्हती. मी देवभोळी नाही, पण रोज संध्याकाळी त्या शेंदऱ्या दगडाला हात जोडायला लागले. कोणाचे तरी आभार मानल्याशिवाय जेवण पचेना.

हिराबाईने मला एक गुपित सांगितलं. आईच्या भाताला आजींनी दही तिच्याकडूनच नेलं होतं. "डेअरीला माझं दूध चालत न्हाई, देवीला चालतंय म्हनली आजी," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी खदाखदा हसली.

एकदाच कठीण वेळ आली. वर्षाच्या चटणीचे दिवस, वाडीत कोणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या. मी कातळापाशी बसले होते, समोर शिवेपलीकडे पंधरा-वीस माणसं माझी खुशाली विचारायला उभी. वारा फिरला आणि तो तिखट धूर नेमका माझ्या घशात. पदर तोंडात कोंबला, श्वास धरला, डोळ्यांतून धारा. शेवटी फुटलाच ठसका. खोकले, खोकतच राहिले. समोर सगळे थिजून उभे. हिराबाईचा चेहरा पांढरा पडला. मला तिची किटली दिसायला लागली. मला सांगायचं होतं की मिरची आहे, मिरची, पण शब्दच फुटेना.

आणि मग वारा परत फिरला. आधी पोलीस पाटील खोकले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळी रांगच्या रांग वाकून वाकून खोकायला लागली. एक सोनाबाई आजी तेवढ्या काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "घ्या, आता समद्यांना शिवंबाहेर काडा." मग जो हशा पिकला, त्यातून वाडी जी सावरली ती सावरली.

गावात

मुदत संपली. मला ना ताप आला ना खोकला. सकाळी हिराबाईने हाक मारली ती दगडाच्या अलीकडे येऊन. माझा हात धरला, किती दिवसांनी कोणीतरी माझा हात धरला होता, आणि मला घेऊन गेली. दारात भाकरतुकडा ओवाळला. बायकांनी खणा-नारळाने ओटी भरली, आधी हात धुवायला लावून. मी रडले. मला सहज रडू येत नाही, पण तेव्हा आलं आणि मी ते लपवलं नाही. दगडूभाऊ मात्र तिथे नव्हते. ते किटली घेऊन गेले होते. परत आले ते रिकामी किटली हवेत हलवत, आणि झाकण अजूनही बसत नव्हतं.

पुढे महिनाभर मी त्यांच्या घरी राहिले. आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी हिराबाईला शिकवली, तिच्याकडून तांदळाची भाकरी शिकले, ती अजून मला गोल येत नाही. मग सुलभाच्या नवऱ्याने खटपट करून पास मिळवला, गाडी आली.

निघायचा दिवस मंगळवार होता. गाडी शिवेपलीकडे उभी. सोनाबाई आजी पदराखाली काहीतरी झाकून आल्या आणि कातळावर पानं मांडली. एक नव्हे, दोन. एकावर दहीभात, लिंबू, कुंकू. दुसऱ्यावर नुसता दहीभात, भरपूर, आणि कडेला लोणचं.

"हे दुसरं कुणाचं, आजी?"

त्यांनी काठीने खालचा रस्ता दाखवला. तिथून तीन-चार माणसं बोचकी घेऊन येत होती. "तू म्हनलीस न्हवं, भुकेपुडं काय दिसत न्हाई म्हनून. मग आईचं वायलं ठिवावं, भुकंचं वायलं." मग मला ढकलत म्हणाल्या, "जा आता. आनी मागं वळून बघू नगंस."

मी बघितलं नाही. फार कठीण गेलं.

लातूरला आल्यावर हे म्हणाले, "सांगितलं होतं." मी त्यांना तांदळाची भाकरी करून घातली, वेडीवाकडी, त्यांनी तीन खाल्ल्या.

परवा हिराबाईचा फोन आला. गाय बरी आहे, दूध जातंय, आजी ठणठणीत. मी विचारलं, दुसरं पान अजून ठेवतात का?

"रोज ठिवत्यात. आता पाळी लावलीय घरटी. आनी रोज रिकामं व्हतंय."

"कोण खातं गं?"

"कोन बघतंय? ठिवलं की वळून बघायचंच न्हाई."

मी सहज म्हणाले, "कुत्रंबित्रं खात असेल एखाद्या वेळी."

"न्हाई वो ताई," हिराबाई म्हणाली. "कुत्रं काय पान दुमडून वर दगड ठिवतंय व्हय?"